आपलंच मूल पॅकमध्ये असताना कबमास्टर व्हावं का?

मुलुंडच्या एका आईचा प्रश्न आहे. त्यांच्या वसाहतीत ओपन ग्रुपचं, म्हणजे शाळेशी न जोडलेल्या स्काऊट-गाईड गटाचं, कब पथक चालतं. दहा वर्षांखालच्या मुलांच्या या पथकालाच पॅक म्हणतात. ते चालवणारं जोडपं आता पुण्याला राहायला चाललंय. पालकांपैकी कोणी पुढे आलं नाही तर जूनपासून पथक बंद होणार, म्हणून या ताईंना कबमास्टर, म्हणजे पथकाची लीडर, होण्याबद्दल विचारणा झाली आहे. त्या बँकेत नोकरी करतात. हाताशी रविवार आणि महिन्यातला दुसरा-चौथा शनिवार. लहानपणी त्या गाईडमध्ये नव्हत्या. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा याच पथकात आहे. त्या लिहितात, "मला गाठी येत नाहीत, तंबू लावता येत नाही, वेळही कमी आहे. होकार देऊ का?"

ताई, होकार द्या. गाठी दोन रविवारांत येतात. रीफ नॉट तर तुम्ही परकराच्या नाडीला अर्धीअधिक मारतच असाल. डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, एवढं लक्षात ठेवलं की झालं. तंबू कबच्या वयाला लागतही नाही. वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दीड तासाची मीटिंग, तिच्या तयारीला एक तास आणि पालकांच्या फोनना थोडा वेळ, एवढा हिशेब धरा. मला काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची, म्हणजे मुलगा त्याच पथकात असण्याची. पालक म्हणून पुढे आलेले लीडर गाठी येत नाहीत म्हणून सोडून जाताना मी पाहिलेले नाहीत. घरातलं नातं आणि मैदानावरचं नातं एकमेकांत गुंतल्यामुळे गेलेले मात्र बरेच पाहिले. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच लिहिते.

मी २००४ साली भांडुपला अशाच अडचणीच्या वेळी हो म्हटलं. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि पॅकमध्ये एकोणीस मुलं होती. पक्षपात होऊ नये याची मला इतकी धास्ती होती की मी उलट टोक गाठलं. खेळात त्याला शेवटी घ्यायचे. त्याने हात वर केला तर दुसऱ्याला उत्तर विचारायचे. प्रवेशाच्या चाचणीत इतर मुलांच्या सैल गाठी मी 'ठीक आहे, जमेल' म्हणून सोडल्या आणि त्याची तेवढीच सैल गाठ दोनदा नापास केली. दुसऱ्या वेळी तो काही बोलला नाही. घरी येऊन दोरी कपाटावर फेकली आणि पुढच्या रविवारी पोट दुखतंय म्हणाला. पोट दुखत नव्हतं, हे मला समजायला तीन रविवार लागले.

दुसरा प्रकार तुम्हाला माहीतच असेल: लीडरचं मूल नेहमी झेंडा धरतं, पहिलं नाव त्याचंच लागतं. दोन्हींत बाकीच्या मुलांना एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे हा मुलगा आपल्यातला नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे फार लवकर दिसतं.

म्हणून आमच्या पॅकमध्ये एक पद्धत पडली आणि ती आजही चालू आहे. लीडरचं मूल दुसऱ्या लीडरच्या हाताखाली असतं. सहा-सहा मुलांच्या गटाला सिक्स म्हणतात, त्याचा नायक तो सिक्सर. तुमचा मुलगा ज्या सिक्समध्ये असेल त्या सिक्सकडे तुम्ही लक्ष द्यायचं नाही, तुमच्या सहकाऱ्याने द्यायचं. त्याच्या चाचण्या सहकारी घेणार. त्याला लागलं, रडू आलं, कोणाशी भांडण झालं तरी आधी सहकारी जाणार. त्याला सिक्सर करायचं की नाही हेही तुमच्याशिवाय बाकीचे ठरवणार, आणि तुम्ही त्या चर्चेला बसायचं नाही. 'आपला आहे म्हणून नको' असंही म्हणायचं नाही. त्याने ते पद कमावलं असेल तर त्याला मिळायला हवं.

मैदानावर तो तुम्हाला आई म्हणणार नाही. कबमास्टरला मुलं 'अकेला' म्हणतात. मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं ते नाव. पहिले दोन-तीन आठवडे त्याला आणि तुम्हालाही अवघड वाटेल. पण ते नाव फार उपयोगी पडतं. स्कार्फ गळ्यात आला की अकेला, काढला की आई, हे मुलाला स्पष्ट कळतं. माझा मुलगा मीटिंग संपल्यावर आधी माझा स्कार्फ काढायला लावायचा आणि मगच भूक लागली म्हणून सांगायचा.

घरी आल्यावर दोन गोष्टी टाळा. जेवताना त्याच्या मैदानावरच्या वागण्याचा विषय काढू नका. इतर मुलांच्या आया तिथे नसतात, म्हणून त्या मुलांची सुटका होते, तशी त्याचीही व्हायला हवी. आणि त्याला खबऱ्या करू नका. 'तो अमुक मुलगा का रडत होता रे' असं सहज विचारलं जातं. त्याने एकदा सांगितलं आणि तुम्ही पुढच्या रविवारी त्यावर काही केलं, की पोरांना लगेच कळतं बातमी कुठून फुटली. मग त्याला कोणी जोडीदार करत नाही.

आता दादरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय वरचे नियम कोरडे वाटतील. शिवाजी पार्कच्या स्काऊट हॉलला मेळावा होता. परत येताना अठरा मुलं, आम्ही दोघी लीडर आणि एक बाबा. दादर पश्चिमेकडून पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर यायचं होतं. पुलावर माझ्या मुलाने मला ओढलं, "आई, उलटी होतेय." मी खाली बसले, पाण्याची बाटली काढली, त्याचं तोंड धुतलं. रांग पुढे गेली. मी शेवटी चालायचं असं ठरलं होतं, म्हणजे मागे कोणी राहिलं तर ते मला दिसणार होतं. पण माझी पाठ रांगेकडे होती. फलाटावर मोजलं तर सतरा.

अकरा मिनिटं गेली. दुसऱ्या लीडरने बाकीच्यांना इंडिकेटरखाली बसवलं, बाबा फलाटावर शोधत राहिले आणि मी पूल उलटा धावले. तो नऊ वर्षांचा मुलगा पश्चिमेच्या जिन्याखाली एका फुलवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी उभा होता. बुटाची नाडी बांधायला थांबला होता. तेवढ्यात गर्दीने त्याला मागे लोटलं आणि तो जिना उतरून गेला. मावशींनी त्याचा स्कार्फ बघून त्याला बसवून घेतलं होतं आणि त्याच्या हातात एक झेंडूचं फूल दिलं होतं. तो रडत नव्हता. रडत मी होते.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले आणि दारातच त्याच्या आईला सगळं सांगितलं, माझ्या मुलाकडे बघत होते हेही सांगितलं. तिने मुलाला पुढच्या रविवारी पाठवलं. हा तिचा मोठेपणा. मी फोनवर सांगितलं असतं किंवा मुलाच्या तोंडून तिला कळलं असतं, तर तिने पाठवलं नसतं आणि तिचं बरोबरच झालं असतं.

त्या दिवसानंतर आमच्याकडे जिचं किंवा ज्याचं मूल सोबत आहे तो लीडर कधीच रांगेच्या शेवटी चालत नाही. शेवटी चालणाऱ्याचं त्या दिवशी रांगेत स्वतःचं काहीही नसावं. दर मुलाला जोडीदार असतो आणि मोजणी मोठ्या माणसाने एकट्याने करायची नाही. सिक्सर आपले सहा मोजतो आणि ओरडून सांगतो. आणि लोकलसाठी दोन वाक्यं प्रत्येक मुलाकडून पाठ करून घेतो: मागे राहिलो तर आहे तिथेच उभा राहीन, गाडीतून पुढे गेलो तर पुढच्या स्टेशनला उतरून उतरल्या जागीच उभा राहीन. मुलं हे खेळ म्हणून पाठ करतात, मैदानावर खडूने डबा आखून आम्ही त्याची तालीमही घेतो. खिशात नाव, दोन फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड असतं, आणि ते दोन नंबर तोंडपाठही असावे लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पॅकमधली दोन मुलं रात्रभर शाळेत अडकली होती. फोन लागत नव्हते, मग पहाटे एका दुकानातून लँडलाइन लागली तेव्हा नंबर पाठ असलेल्या मुलानेच घरी कळवलं. रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हेही नंबर कार्डाच्या मागे लिहा.

तुमच्या प्रश्नातला 'मला काही येत नाही' हा भाग मला खरंतर आवडला. ज्यांना सगळं येतं ते पालक लीडर झाले की सगळं स्वतःच करून टाकतात. मुलाच्या नाड्या बांधतात, डबा उघडून देतात, कागदाची टोपी वेडीवाकडी झाली तर नीट करून देतात. प्रेमानेच करतात. पण त्या दीड तासात लीडरचं सगळ्यात कठीण काम हात मागे बांधून थांबण्याचं आहे. सहा मुलं एक ताडपत्री बांधताहेत. दोन टोकं सुटलीत, तिसरा भलतीच गाठ मारतोय, सिक्सर रडवेला झालाय. तुम्हाला ती ताडपत्री अर्ध्या मिनिटात बांधता येईल. थांबा. मी मनात गाणं म्हणते, दोन कडवी होईपर्यंत हलत नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या कडव्यापर्यंत एखादं पोरगं म्हणतं, "ए, तू ती बाजू धर." माझ्या मते पॅक चालवण्याचं सारं सुख त्या एका वाक्यात आहे.

याचं मूळ जुनं आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच त्यांनी मुलांच्या लहान तुकड्या करून प्रत्येकीचा म्होरक्या त्याच वयोगटातला मुलगा केला होता. कबचा विभाग १९१६ ला आला, कारण स्काऊटांचे धाकटे भाऊ घरी थांबायला तयार नव्हते. आपल्याकडे सुरुवातीला या चळवळीत भारतीय मुलांना जागा नव्हती; ॲनी बेझंट, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांच्यासारख्यांनी वेगळे संघ उभे केले आणि ७ नोव्हेंबर १९५० ला त्यांचं एकत्रीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं. हे मुलांना सांगा, गोष्ट म्हणून सांगा. त्यांना आवडतं.

माणसं किती लागतील? तुम्ही एकट्या असाल तर होकार देऊ नका. हे मी ठामपणे सांगते. दोन लीडर हवेतच, आणि शक्यतो एकाच घरातले नकोत, कारण नवरा-बायको दोघं लीडर असली तर घरी कोणी आजारी पडल्यावर दोघंही एकदम गळतात. पॅक चोवीस मुलांच्या वर नेऊ नका. दोन ते चार सिक्स पुरे. पंचविसावं मूल दाराशी आलं तर त्याच्या आई-बाबांना विचारा, तुमच्यापैकी कोण उभं राहतंय? आमच्या वसाहतीत दुसरा पॅक असाच सुरू झाला. मुलीही येऊ लागल्या तर त्यांचा बुलबुलांचा फ्लॉक वेगळा असतो आणि त्याला वेगळी फ्लॉक लीडर लागते. मुलांच्या पॅकला मात्र बाई लीडर चालते, लेडी कबमास्टर म्हणून रीतसर पद आहे, तेव्हा त्याची शंका धरू नका.

सुरक्षेच्या बाबतीत भीड बाळगू नका. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही. शौचालयाला मुलं जोडीने जातील, मोठा माणूस बाहेर उभा राहील. मुलाला सोपवताना ठरलेल्या माणसाच्याच हाती सोपवायचं, 'मी त्याचा काका' म्हणणाऱ्याच्या नाही. नव्या लीडरची पोलीस पडताळणी करून घ्या. ओळखीचा असला तरी, किंबहुना ओळखीचा आहे म्हणूनच, कारण ओळखीवर आपण प्रश्न विचारत नाही. स्वतःची पहिल्यांदा करा, मग दुसऱ्याला सांगणं सोपं जातं. मुलांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. एखाद्या मुलाने तुम्हाला लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. ग्रुपचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला ग्रुपमध्ये जागा नको.

मीटिंग कशी घ्यायची हे तुम्हाला लीडरच्या प्रशिक्षण कोर्समध्ये शिकवतील, म्हणून थोडक्यात. महागर्जना (सगळ्या मुलांनी मिळून अकेलाला द्यायची सलामीची आरोळी), प्रार्थना, झेंडा, तपासणी, मग पळापळीचा खेळ, मग एखादी शिकायची गोष्ट, पुन्हा खेळ, गोष्ट किंवा गाणं, आणि महागर्जनेने शेवट. कोणताही भाग पंधरा मिनिटांच्या वर गेला की सात वर्षांचं मूल गवत उपटायला लागतं. दर रविवारी एक खेळ जास्तीचा तयार ठेवा. बेसिक कोर्स साधारण आठवडाभराचा, निवासी असतो. बँकेत रजा आत्ताच टाकून ठेवा, कारण मार्च-एप्रिलमध्ये तुम्हाला ती मिळणार नाही. पुढे ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज. गळ्यातल्या चामडी दोरीला दोन लाकडी मणी असतात, ते त्याचेच. घाई नको, पण बेसिक पहिल्याच वर्षी करा. कोर्सला गेल्यावर तुम्हालाच सिक्समध्ये बसवतात आणि तुमच्या गाठी कोणीतरी तपासतं. आठ वर्षांच्या मुलाला नापास झाल्यावर काय वाटतं ते तिथे कळतं. मी आधी कोर्स केला असता तर माझ्या मुलाची ती दोरी कपाटावर गेली नसती.

गणवेशाची सक्ती लगेच करू नका. नव्या मुलाने साधारण तीन महिने यावं, प्रवेशाची तयारी करावी, दीक्षाविधी झाला की मगच स्कार्फ. तोवर पालकांचे पैसेही वाचतात आणि मुलाला त्या स्कार्फची किंमतही कळते. वचन घेताना 'ईश्वर' म्हणायचं की 'धर्म', याची मोकळीक आहे. मुंबईच्या वसाहतीत ही मोकळीक फार कामाची. आमच्याकडे मराठी, गुजराती, मल्याळी, मुसलमान, ख्रिश्चन, बौद्ध अशी सगळी मुलं एका ओळीत उभी राहतात. ज्याच्या घरी जे म्हणतात ते त्याने म्हणावं. हे दीक्षाविधीच्या आदल्या आठवड्यात पालकांशी बोलून घ्या, ऐनवेळी नको.

बाकीचे पालक हा मोठा विषय आहे. त्यांना तुम्ही क्लासवाल्या बाई वाटाल. गाडीतून मूल उतरवून निघून जातील, पंधरा मिनिटं उशिरा न्यायला येतील, आणि 'माझ्या मुलाला अजून बॅज का नाही' म्हणून रात्री अकराला मेसेज करतील. रागावू नका, त्यांना माहीतच नसतं की तुम्हाला कोणी पगार देत नाही. मी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना सतरंजीवर बसवते आणि हे स्पष्ट सांगते: ही शिकवणी नाही, इथे प्रत्येक घराने वर्षात तीन रविवार द्यायचे आहेत, कोणते ते वहीत आत्ता लिहा. काय करायचं तेही नेमकं सांगते. 'मदत करा' म्हटलं की कोणी येत नाही. 'अठरा ऑगस्टला सात वाजता दोन घागरी पाणी आणि लिंबं घेऊन या' म्हटलं की येतात. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांना शिट्टीचे इशारे शिकवायला बोलावलं आणि ते पुढची सहा वर्षं दर रविवारी आले. बाबा मंडळी चर्चेला येत नाहीत, पण सामान उचलायला, दोर बांधायला सांगा, दहा जण हजर होतील. त्यांतले दोन पुढे लीडर होतात. तुमचा उत्तराधिकारी त्या दोऱ्या धरणाऱ्यांतच शोधा.

पैसे स्वतःकडे ठेवू नका. तुम्ही बँकेत आहात म्हणून सगळे खजिना तुमच्याकडे देतील, नाही म्हणा. लीडर आणि खजिनदार ही दोन माणसं वेगळी हवीत, बँक खात्यावर दोन सह्या हव्यात आणि महिन्याच्या महिन्याला जमाखर्च पालकांच्या ग्रुपवर टाकायला हवा, मग तो पाचशे रुपयांचा का असेना. सहलीचे उरलेले चाळीस रुपयेसुद्धा परत करा.

जागेचं मुलुंडला तुम्हाला त्रास नाही, वसाहतीचं मैदान आहे. गच्चीवर मात्र मीटिंग घेऊ नका, कठडा कितीही उंच असला तरी. जून ते सप्टेंबर शाळेचा हॉल किंवा सोसायटीचं पार्किंग मिळवून ठेवा आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला तर सकाळी सातच्या आत मीटिंग रद्द केल्याचा मेसेज करा. पहिली सहल लांब नको. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत. शीव स्टेशनला उतरायचं, गाडी बदलावी लागत नाही. कचऱ्याच्या जागी एवढी झाडं कशी आली हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात, तुम्हाला भाषण करावं लागत नाही. दुसरी सहल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, थंडीत शिवडीचे रोहित पक्षी. रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. अठरा मुलांना घेऊन तासभर फलाटावर बसणं मी केलं आहे, पुन्हा करणार नाही.

मुलगा दहा वर्षांचा झाला की स्काऊट पथकात जाईल. तेव्हा तुमच्या मनात त्याच्यामागे जायचं येईल. जाऊ नका. त्या वयात त्याला संघनायकाचं ऐकायचं असतं, आईचं नाही, आणि शिबिरात रात्री त्याला तुमच्याशिवाय झोपायचं असतं. तुम्ही कबकडेच राहा किंवा थांबा. बरेच पालक मुलासोबत पथक सोडतात; त्यात गैर काही नाही, फक्त ते आजच सांगून ठेवा. 'माझी दोन वर्षं, तिसऱ्या वर्षी माझ्यासोबत दुसरं कोणीतरी तयार असेल' असं ग्रुप कमिटीला लेखी द्या. तुमच्याकडचं जोडपं पुण्याला निघाल्यावर आज धावपळ होते आहे, ती तेव्हा होणार नाही. मी स्वतः मुलगा गेल्यावर एक वर्ष अजून थांबेन म्हटलं आणि अजून आहे. पॅकमध्ये आपलं मूल नसतानाची वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली, पण ते तुमच्यावर लादत नाही.

आता या आठवड्याचं काम. त्या जोडप्याला जाण्याआधी तीन रविवार तुमच्यासोबत उभं राहायला सांगा, नुसतं रजिस्टर हातात घेऊ नका. कोणत्या मुलाला दमा आहे, कोणाच्या घरी सध्या भांडणं आहेत, कोण अंधाराला घाबरतो, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. दुसरा लीडर ठरला की त्याच्याशी पहिलं बोलणं तुमच्या मुलाबद्दल करा: "हा तुझ्या सिक्समध्ये, मी त्याच्यात पडणार नाही." तो कचरला तर आधी त्याच्याशी नीट बोला, मग पुढे जा.

आणि होकार कळवण्याआधी मुलाला विचारा. मी विचारलं नव्हतं, त्याला परस्पर गणवेशातली आई दिसली. झोपायच्या वेळी, दिवा घालवल्यावर विचारा: रविवारी दीड तास मी सगळ्यांची अकेला असेन, तुला आई म्हणता येणार नाही, चालेल का? तो लगेच हो म्हणाला तर पुन्हा दोन दिवसांनी विचारा. नको म्हणाला, तर यंदा ग्रुप कमिटीत सामानाची जबाबदारी घ्या. दोर, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला प्रत्येक पथकाला एक माणूस लागतोच, आणि पुढच्या जूनमध्ये त्याला पुन्हा विचारता येईल.